मुलांच्या कामातला त्रास आणि आपली साधना

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या ताई विचारतात, 'घरात वारकरी वातावरण, लहानपणापासून जपाची सवय. नोकरी लागल्यापासून जपाला बसलं की डोळ्यांसमोर वर्गच येतो. तांड्यावरचा एक मुलगा इतरांना चावतो. एक मुलगी सकाळभर रडते. दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला निघून जातो. माझा आवाज चढतो आणि घरी गेल्यावर वाईट वाटत राहतं. सगळे म्हणतात, मुलं म्हणजे देवाघरची फुलं, तुमचं काम हीच साधना. मला तसं काही जाणवत नाही. या त्रासातून खरंच काही आध्यात्मिक शिकता येतं, की ही आपली मनाची समजूत?'

ताई, शिकता येतं. मराठवाड्यात पहिली-दुसरीच्या वर्गांवर माझं अर्धं आयुष्य गेलं आणि आता बालवाडी-अंगणवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणात असते, त्या जोरावर हे खात्रीने सांगते. पण 'देवाघरची फुलं' या वाक्यातून ते शिकता येत नाही. त्या वाक्याने तुमचा थकवाही कमी होत नाही आणि मुलाचं रडणंही थांबत नाही. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मुलाचं वागणं हा तुमच्यासाठी पाठवलेला धडा नाही. ते मूल त्याच्या अडचणीत आहे. धडा असलाच तर तो त्या क्षणी तुमच्या आत जे उसळतं त्यात आहे, आणि तोही मुलाची अडचण पाहून झाल्यावरच घ्यायचा. हा क्रम उलटला की आपलं अध्यात्म मुलाच्या जिवावर चालतं. 'हा मुलगा माझ्या संयमाची परीक्षा पाहायला आलाय' असं म्हणणारे चांगले, भाविक शिक्षक मी पाहिलेत. त्यांचा संयम वाढतो, मुलगा आहे तिथेच राहतो.

एका शाळेतलं उदाहरण सांगते. दुसरीतला एक मुलगा हाक मारली तरी बघायचा नाही, सांगितलेलं निम्मंच करायचा, मध्येच उठून जायचा. सगळ्यांनी त्याला हट्टी ठरवलं होतं. तिथल्या नव्या बाई त्याच्या शेजारी बसून त्याचं वाचन घेत होत्या तेव्हा त्यांना वास आला. त्याचे दोन्ही कान वाहत होते, बहुधा कित्येक महिने. त्याला निम्मंच ऐकू येत होतं आणि तो तेवढंच करत होता. त्या बाईंनी वेगळी कसली साधना केली नव्हती, त्या फक्त जवळ बसल्या होत्या. मला विचाराल तर मुलांच्या कामातलं अध्यात्म इथे सुरू होतं: समोरच्याकडे पूर्ण लक्ष देणं, त्याच्याबद्दलचं आपलं मत थोडा वेळ बाजूला ठेवून. जपात तरी आपण दुसरं काय शिकत असतो? मन भटकलं की परत आणायचं. वर्गात ते मुलाकडे परत आणायचं.

त्यामुळे तुमच्या वर्गातल्या प्रत्येक 'त्रासदायक' मुलाबद्दल पहिले प्रश्न अगदी साधे असू द्या. सकाळी काही खाऊन आलाय का? झोप झाली का? ऐकू येतं का, फळ्यावरचं दिसतं का? घरात कोण आहे, कोण नाही? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलं रांगेतून भराभर पुढे सरकतात. तुमच्या मनात शंका असलेल्या दोन-तीन मुलांची नावं आधी लिहून ठेवा आणि डॉक्टरांपुढे स्वतः घेऊन जा.

आता चावणाऱ्या मुलाकडे येऊ. तो तांड्यावरचा आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे घरात गोरमाटी, बंजारा समाजाची बोली, बोलली जात असणार, आणि शाळेत पहिल्या दिवसापासून सगळं मराठीत. सहा वर्षांच्या मुलाला राग येतो, पेन्सिल हिसकावली जाते, कुणीतरी हसतं, आणि त्याच्याकडे त्या क्षणी वर्गाला कळेल असा एकही शब्द नसतो. दात मात्र असतात. हे एकच कारण असेल असं नाही, पण मी इथून सुरुवात करेन. त्याच्या आजीला किंवा मोठ्या बहिणीला गाठा आणि दे, नको, दुखतंय, भूक, पाणी, माझं आहे, एवढ्याचे त्यांच्या बोलीतले शब्द शिकून घ्या. घरात आईला तो याडी म्हणतो, तुम्हीही त्याच्याशी बोलताना 'याडी' म्हणा. मग वर्गातल्या सगळ्या मुलांना त्याच्याकडून ते शब्द शिकायला लावा. ज्याला काहीच येत नाही असा आजवर समजला गेलेला मुलगा अचानक शिकवणारा होतो. चावणं लगेच थांबणार नाही, पण कमी होताना दिसेल.

यात तुमच्यासाठी काय आहे? विद्येचा अभिमान थोडा उतरतो. ज्याला शिकवायचं त्याच्याकडून आधी शिकावं लागतं, आणि तेही सगळ्या वर्गासमोर, अडखळत, मुलं हसत असताना. नम्रतेवर कितीही कीर्तनं ऐकली तरी ती अंगी बाणते ती अशाच प्रसंगांत.

रागाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त वेदना तिथे आहे. मारिया माँटेसरी यांनी शिक्षकाच्या तयारीत साहित्य आणि पद्धतीच्या आधी आध्यात्मिक तयारी मांडली, आणि त्यात शिक्षकाने स्वतःमध्ये शोधून काढायचे दोष म्हणून दोनांवर बोट ठेवलं: राग आणि गर्व. त्यांचं निरीक्षण असं की मोठ्या माणसांवर राग काढला तर ती उलट बोलतात, म्हणून आपण आवरतो. मूल उलट बोलू शकत नाही, ते आपल्यावर विश्वास ठेवतं आणि दोष स्वतःचाच मानतं. म्हणून मुलांच्या सहवासात आपला राग मोकाट सुटतो आणि वर त्याला शिस्त असं नावही मिळतं. मला हे फार खरं वाटतं. केंद्रप्रमुख, म्हणजे आपल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, वर्गात आले की आपला आवाज आपोआप खाली येतो. म्हणजे आवाज आवरता येतो. मग एरवी का आवरत नाही, हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचारावा. अपराधी वाटून घेण्यासाठी नाही, नुसतं पाहण्यासाठी.

राग येताना अंगात काय होतं ते ओळखायला शिका. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान गरम होतात, कुणाचा हात डस्टरकडे जातो. ती खूण सापडली की दोन-तीन क्षण मिळतात. त्या क्षणांत मी प्रशिक्षणात एकच कृती करायला सांगते: खाली बसा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला या. उभं राहून ओरडणं सोपं असतं, उकिडवं बसून तितकंसं जमत नाही. तिथे एक श्वास पूर्ण सोडा आणि मग बोला. तुम्हाला जपाची सवय आहे, त्यामुळे त्या श्वासावर नाम आपसूक येईल. तुमचा जप वर्गात येतो तो असा, आणि माळेवरच्या जपापेक्षा मी त्याला कमी मानत नाही. लहान मुलाला स्वतःचा क्षोभ स्वतः शांत करता येत नाही. मेंदूचा आवर घालणारा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटावी लागते. तोवर ते जवळच्या मोठ्या माणसाच्या शांतपणाचा आधार घेतं. तुम्ही शांत झालात की त्याला शांत होण्याची वाट मिळते.

आणि कधी राग सुटलाच तर मुलाची माफी मागा. स्पष्ट, थोडक्यात, 'पण तू असं का केलंस' हे शेपूट न लावता: 'मी मोठ्याने ओरडले, ते चुकलं. तुला भीती वाटली ना?' काही सहकारी म्हणतील, अशाने वचक जातो. तो जाऊ द्या, विश्वास येतो. घरी जाऊन देवापुढे हळहळण्यापेक्षा ज्याचं मन दुखावलं त्याच्यापुढे वाकणं जास्त अवघड आहे, आणि पुढच्या वेळी तेच आपल्याला अडवतं. मारण्याचा तर प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, आणि शेलके टोमणे त्या दुसऱ्यात येतात.

आता ऊसतोड. तुमच्या भागात काम करणाऱ्यांना ही गोष्ट जितकी शिकवते तितकं क्वचितच दुसरं काही शिकवत असेल. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात, आणि जी मुलं नुकती अक्षरं जोडायला लागली होती ती बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात जातात. गुढीपाडव्याच्या आसपास परततात तेव्हा पुष्कळशी अक्षरं पुसली गेलेली असतात. हात खरखरीत झालेले असतात, कारण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळणं, पाणी आणणं, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणं हे त्यांच्या वाट्याला आलेलं असतं. शिक्षकाला वाटतं, चार महिन्यांचं काम मातीत गेलं.

फळाची आशा न धरता कर्म करावं, हे आपण सगळे म्हणतो. पण त्याचा सोयीचा अर्थही निघतो: आपण शिकवलं, पुढे त्यांचं नशीब. याला मी निष्काम कर्म म्हणणार नाही. निष्काम होण्याआधी कर्म पूर्ण व्हायला हवं. दिवाळीपूर्वी पालकांना भेटून मुलाला आजी-आजोबांकडे ठेवता येईल का, गावात हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे बघितलं? शाळा व्यवस्थापन समितीकडून त्याचा प्रस्ताव वेळेत गेला? जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतलं जाईल? आईचा किंवा मुकादमाचा फोन नंबर आहे? शब्दकार्डांचा एक गठ्ठा आणि एक वही त्याच्या पिशवीत टाकली? हे सगळं करूनही तो परत आल्यावर 'क' ओळखत नसेल, तेव्हा पहिल्या दिवसाइतक्याच ताज्या मनाने 'क' शिकवायचा, कपाळावर आठी न आणता. फळाची आशा सोडणं मला याच जागी खरं भेटलं. तोवर तो शब्द मी नुसताच म्हणत आले होते.

इथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली गरीब मुलं बालवाडीत येईनात. त्यावर 'पालकांना शिक्षणाची किंमत नाही' असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं इथून दिवस सुरू व्हायचा. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेला येत नाहीत हे दिसल्यावर कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथेच शाळा. मूल आपल्यापर्यंत पोहोचत नसेल तर आपण त्याच्यापर्यंत जायचं, हा शिक्षणाचा विचार झाला. पण देव भक्तासाठी विटेवर उभा राहतो असं मानणाऱ्या आपल्या परंपरेत वाढलेल्या माणसाला त्यात आणखी काही दिसायला हरकत नाही.

समदृष्टीचा शब्द आपण फार सहज वापरतो. वर्गात तिची कसोटी रोज असते आणि बहुतेक वेळा आपल्याला पत्ताही नसतो. नीटनेटकी, चटपटीत, उत्तरं देणारी मुलं आपल्याकडे ओढ लावतात. शेंबूड आलेलं, अंगाला वास येणारं, कोपऱ्यात बसणारं मूल आपण नकळत हाताच्या अंतरावर ठेवतो. पैठणच्या एकनाथांची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल: गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या जातीतलं मूल रडत होतं, नाथांनी ते उचललं, त्याचं नाक पुसलं आणि त्याला त्याच्या घरी पोहोचवलं. कीर्तनात या कथेतलं जातीविरुद्धचं बंड ठळक सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं. मला मात्र त्यातलं नाक पुसणं सर्वांत मोठं वाटतं. तुमच्या पर्समध्ये जुन्या सुती कापडाचे तुकडे ठेवा, आणि मुलाला दुसऱ्याकडे न पाठवता स्वतः पुसा.

एक सराव सांगते. शाळा सुटल्यावर हजेरी न उघडता वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं आठवून कागदावर लिहा. दहा-बारा भराभर येतील: हुशार आणि दंगेखोर. मग वेग कमी होईल. शेवटी तीन-चार नावं अडतील. ती मुलं आज हजर होती, तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही असेल, पण ती तुमच्यापर्यंत पोहोचली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याशी सर्वांत आधी बोला, अभ्यासाचं नाही, दुसरं काहीतरी. आठवड्यातून दोनदा हे करा. आपलं प्रेम कुठे वाहतं आणि कुठे अडतं, हे इतक्या उघडपणे दाखवणारं साधन मला दुसरं मिळालेलं नाही. तुमची रडणारी मुलगी त्रासदायक वाटली तरी ती निदान तुमच्या लक्षात आहे. न रडणारीची मला जास्त काळजी वाटते.

मुलांच्या प्रेमाचाही एक मोह असतो, त्याबद्दल कमी बोललं जातं. 'बाई, मला तुम्हीच आवडता' हे ऐकायला गोड लागतं, आणि हळूहळू आपण ते ऐकण्यासाठी वागू लागतो. दुसऱ्या बाईंचा राग येतो, पालक घरच्या शिकवणीचं कौतुक करायला लागले तर खुपतं. जूनमध्ये तेच मूल दुसरीत जातं आणि आठवड्याभरात नव्या बाईंच्या पदराला धरून चालतं, तुमच्या वर्गावरून जाताना वळूनही बघत नाही. याचं दुःख होतं, ते होऊ द्या. पण ज्याला निर्धास्तपणे पुढे जाता आलं त्याला तुम्ही जे द्यायचं ते दिलंय.

तुमच्या मूळ प्रश्नात न आलेली, पण जिच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील अशी एक गोष्ट आहे. सगळं स्वीकारायचं नसतं. मुलाच्या अंगावर वळ दिसले, ते एखाद्या माणसाच्या नावाने दचकू लागलं, बसताना कळवळलं, तर तिथे कर्म, प्रारब्ध, क्षमा यांपैकी काहीही बोलायचं नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि घरच्यांची अब्रू, गावाची शांतता हे न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही. तुमच्या स्वतःबद्दलही हेच. एका शिक्षिकेवर दोन-तीन वर्ग, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, अंगणवाडी सेविकेला तुटपुंजं मानधन, हे सगळं 'सेवा' म्हणून गिळायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. हक्काचं मागणं हे अध्यात्माच्या आड येत नाही. थकून गेलेल्या शिक्षिकेच्या वाट्याचा राग शेवटी मुलांवरच निघतो, म्हणून ते मागणं मुलांसाठीही आहे.

मुलांच्या मोठ्या प्रश्नांना उत्तरंही जपून द्या. कुणाची आजी वारली आणि मुलाने विचारलं, ती कुठे गेली, तर 'झोपली' म्हणू नका. अशा मुलांना पुढे झोपेची भीती बसलेली मी पाहिली आहे. तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही, आपल्याला तिची आठवण येते, एवढं खरं सांगा. देवाबद्दल घरच्या श्रद्धेप्रमाणे काय ते घरचे सांगतील. वर्गात वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या धर्मांची मुलं बसलेली असतात, आणि आपली श्रद्धा आपल्या वागण्यात दिसली तर पुरे.

राहिला तुमचा जप. 'काम हीच साधना, वेगळं बसायची गरज नाही' या मताची मी नाही. ज्यांनी वेगळं बसणं सोडलं त्यांच्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत कोरडे झालेले पाहिलेत. बसा, पण जपात वर्ग डोळ्यांसमोर आला की त्याला हाकलू नका. जो चेहरा येईल त्याच्यावर क्षणभर थांबा आणि मग नामाकडे या. मुलं गेल्यावर रिकाम्या वर्गात दार लोटून पाच मिनिटं बसलात तर घरी नेण्याचं ओझं बरंच तिथेच उतरतं. वर्गालाही शांततेचा खेळ द्या, माँटेसरींच्या पद्धतीतला आहे आणि आपल्या बालवाड्यांतून वर्षानुवर्षं खेळला जातो: सगळ्यांनी हालचाल थांबवायची, बाहेरचे आवाज ऐकायचे, आणि मग बाईंनी अगदी हळू आवाजात एकेकाचं नाव घेतलं की त्याने पाय न वाजवता उठून यायचं. पहिल्या आठवड्यात अर्धं मिनिटही टिकणार नाही. टिकवण्याचा आग्रह धरू नका.

सकाळभर रडणाऱ्या मुलीबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंय, त्यामुळे नेमकं सांगता येत नाही. तिला सोडायला कोण येतं, ती कुठल्या वेळी थांबते, थांबल्यावर पहिल्यांदा कुणाजवळ जाते, हे आठवडाभर टिपून ठेवा आणि मला कळवा. तोवर तिला 'रडू नको' म्हणू नका. 'आईची आठवण येते ना' एवढंच म्हणा आणि काम करताना तिला तुमच्या शेजारी बसू द्या.